कोठाराचा पत्ता सांगणारी

मी फाईल बोलतेय. थांबा, कपाटात धूळ खाणारी, दोरीनं बांधलेली, कोपरे मुडपलेली ती मी नव्हे. मला कुणाला हातात घेता येत नाही. मी यंत्राच्या पोटात राहते. एवढीशी आहे. माझ्या शेजारी फोटोंच्या फाईली राहतात, त्या केवढ्या अगडबंब. त्यांच्यापुढे मी म्हणजे भिंतीवरची मुंगी. अंगावर चार ओळी, बस्स.

पण त्या चार ओळींवर एक अख्खं दालन चालतं. लहान बाळांच्या इस्पितळातली दूधपेढी. आयांनी दिलेलं जास्तीचं दूध इथे बाटल्यांत भरून गोठवून ठेवतात, आणि ज्या बाळाच्या आईला दूध नाही त्याला पाजतात. कुठली बाटली तपासून चांगली निघाली, कुठली टाकायची, ती सगळी नोंद लांब दुसऱ्या यंत्रात असते. डेटाबेस म्हणतात त्याला. मी आपली कोठार म्हणते. त्या कोठाराचा पत्ता माझ्या पहिल्या ओळीत. कुठल्या दारानं आत जायचं ते दुसरीत, कुणाच्या नावानं जायचं ते तिसरीत, आणि दार उघडायचा गुपित शब्द चौथीत.

मला वाचता येत नाही हं. हसू नका. पाठीवर गोंदलेलं कुणाला स्वतःला वाचता येतं का? पण कुठलं अक्षर कुठे टोचलं, ते मी विसरत नाही. सगळं अंगाला आठवतं.

मला काकांनी जन्माला घातलं. काका म्हणजे इथले संगणक सांभाळणारे. सगळं दालन त्यांना काकाच म्हणायचं, त्यांच्याहून वयानं मोठ्या, वॉर्डात काम करणाऱ्या मावश्यासुद्धा. काळी खिडकी उघडायचे, तिच्यात ना चित्र ना बटण, नुसता चमकणारा दांडा. तिला कमांड लाईन म्हणतात. तिथे हुकूम लिहायचा आणि यंत्रानं मुकाट ऐकायचं. काकांनी माझ्या पहिल्या तीन ओळी टकटक लिहिल्या, जसा पत्ता लिहावा तशा. चौथ्या ओळीला त्यांचा हात हळू झाला. एक अक्षर लिहिलं, थांबले. पुढचं लिहिलं. मग एकटेच हसले. शेजारून सिस्टरनं विचारलं, "काय काका, लाजताय काय असे?"

"काही नाही. कुलूप लावतोय."

"मग कुलूप लावताना लाजतं का कुणी?"

काकांनी पुढचं अक्षर दाबलं.

तेव्हापासून माझं काम सुरू झालं. दूधपेढीचा प्रोग्राम चालू झाला की धावत माझ्याकडे यायचा. कुठे जाऊ, काय सांगू? मी सांगायची. तो जायचा. ना राम राम, ना आभार. माणसांचंही तसंच. चालतंय तोवर मी कुणाच्या ध्यानीमनी नाही. पंखा बंद पडला तर लगेच वर बघतात, चालू असताना कोण बघतं? मला वाईट वाटायचं नाही, पण चैनही पडायचं नाही. नुसतं पडून राहायचं, आणि कधी हाक येईल म्हणून कान लावून बसायचं.

माझी नक्कल काढायला मनाई होती. अंगावर गुपित शब्द आहे ना. म्हणून जगात मी एकच.

मग काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांची सूनच आली. रीतसर परीक्षा देऊन आली बरं, वशिल्यानं नाही. हुशार पोरगी. चालायची भरभर, बोलायची त्याहून भरभर. खुर्चीवर बसली की एक पाय सारखा हलत असायचा. काका तिला सूनबाई म्हणायचे, म्हणून सिस्टरही सूनबाई म्हणायला लागली, आणि इस्पितळात तेच नाव पडलं. कामाची सूत्रं देताना काका तिला म्हणाले होते, "हे बघ, या फाईलला हात लावायचा असेल तर घाई नको."

"बाबा, मला येतं हो."

"येतं म्हणूनच सांगतोय. न येणारा घाबरून हळू जातो."

तिनं मान हलवली. तिचा पाय मात्र हलतच होता.

आणि मग तो दिवस आला. मुख्य कार्यालयानं कोठार जुन्या यंत्रातून काढून नव्या यंत्रात नेलं. जुनं तापायचं म्हणे. नवं यंत्र म्हणजे नवा पत्ता. निरोप आला, आपापल्या फाईलीत पत्ता बदलून घ्या. दार, नाव, शब्द सगळं तेच, बदल फक्त पहिल्या ओळीत.

सकाळपासून दालनात धावपळ होती. फ्रीज बदलला होता. जुन्या फ्रीजमधल्या बाटल्या नव्यात भरताना कप्पे सरमिसळ झाले होते. तपासलेल्या, तपासायच्या, नापास झालेल्या, सगळ्या बाटल्यांना तेच झाकण, तीच चिठ्ठी, चिठ्ठीवर माणसाला सारख्याच दिसणाऱ्या उभ्या रेघा. सिस्टर म्हणाली, "हरकत नाही. रेघा दाखवल्या की यंत्र सांगेल कुठली कोणती. लावते नंतर."

सूनबाईनं काळी खिडकी उघडली. आता नीट ऐका, कारण सगळं इथेच बिघडलं. त्या खिडकीत फाईलीत ओळ घालायची असली की बाणाची खूण काढतात. दोन बाण काढले तर नवी ओळ जुन्या ओळींच्या खाली जाऊन बसते. पत्त्याच्या दोन ओळी दिसल्या तर प्रोग्राम शेवटची धरतो, म्हणजे नवा पत्ता चालू, जुन्याचं काही बिघडत नाही. पण एकच बाण काढला, तर आधीचं सगळं पुसून त्या जागी नवं बसतं. विचारतही नाही, पुसू का म्हणून. काळी खिडकी कधी विचारत नाही.

तेवढ्यात सिस्टरनं दारातून हाक मारली, "सूनबाई, झालं का? पैलवानाची वेळ झाली!"

"झालं, झालं," सूनबाई म्हणाली आणि तिनं हुकूम सोडला.

एक बाण.

बाई गं, कसं सांगू तुम्हाला! न्हाणीघरात कुणी अंगावरून बादली ओतावी आणि बादलीबरोबर कातडीच वाहून जावी, तसं झालं. नाव गेलं, दार गेलं, शब्द गेला. एक ओळ उरली, ती पण नवी, परकी, अजून टोचणारी. वर तिनं प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. तो धावत माझ्याकडे आला, कुठे जाऊ, काय सांगू? मी पत्ता सांगितला. पुढे काय सांगणार? माझी वाचाच गेली होती. तो तसाच गेला, दारावर आपटला आणि परत आला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

सूनबाईचा हलणारा पाय थांबला.

नाव तिला ठाऊक होतं. दाराचा आकडा निरोपात होता. शब्द? तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. पाहायची गरजच पडली नव्हती, मी होते ना.

आता पैलवान कोण ते सांगते. मुठीएवढं बाळ होतं ते. वेळेच्या फार आधी आलेलं. सिस्टरनं मुद्दाम पैलवान नाव ठेवलं होतं. त्याची आई दुसऱ्या इस्पितळात तापानं फणफणलेली. त्याला नळीतून चमचाभर दूध द्यायचे. डब्यातली पावडर त्याच्या आतड्याला सोसत नव्हती. एकदा देऊन पाहिली तर पोट दगडासारखं फुगलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, कुठल्याही आईचं चालेल, पण तपासलेलं, नाहीतर काही नाही. सकाळचं पाजणं सामान हलवण्याच्या गडबडीत आधीच हुकलं होतं.

सिस्टर बाटली घेऊन आली, रेघा यंत्राला दाखवल्या. लाल अक्षरं. दुसरी बाटली आणली. लाल अक्षरं.

"सूनबाई, हे काय म्हणतंय?"

"मला जरा वेळ द्या."

"मी देईन गं कितीही. त्याला विचार."

दाराशी बाकावर पैलवानाची आत्या बसलेली असायची. भावाला रजा मिळत नव्हती, म्हणून ही राखणीला. जिभेनं तिखट, पण डोळे सारखे काचेपलीकडच्या बाळाकडे. ती उठून दारात आली. "काय झालं? फ्रीज भरून दूध आहे ना? मग?"

"आहे, पण त्यातलं कुठलं चालेल ते कळत नाहीये," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे घर भरलेलं आणि लेकरू उपाशी? वास घेऊन बघा, चव घेऊन बघा! आम्ही काय यंत्राला विचारून पोरं वाढवली?"

"आत्याबाई, वासानं जंतू कळत नाहीत. तुम्ही वाढवलेली पोरं धडधाकट होती. हा पैलवान आहे, विसरू नका."

आत्या पुन्हा काचेकडे वळली. मग हळूच म्हणाली, "करा काहीतरी, पोरींनो."

सूनबाईनं प्रयोगशाळेला फोन लावला. तिथून उत्तर आलं, निकाल आम्ही थेट कोठारातच टाकतो, आमच्याकडे वेगळं काही नसतं. मुख्य कार्यालयात फोन लावला. नवा शब्द द्यायचा अधिकार एका साहेबांना, आणि साहेब विमानात. तिथली पोरगी म्हणाली, "आणि ताई, अंदाजानं शब्द घालत बसू नका हं. लागोपाठ तीनदा चुकला की दार आपोआप बंद होतं, मग उद्याच."

मी आत तळमळत होते. मला आठवत होतं हो! अंगाला एकेक अक्षर आठवत होतं. सुरुवातीला दोन सारखी, मध्ये खोच, मग उंच काठी, शेवटी पुन्हा तीच गोल गोल एकामागे एक. पण मला बोलता कुठे येतं? पुसलेल्या पाटीनं काय बोलावं?

सिस्टर म्हणाली, "काकांना लाव फोन."

सूनबाई क्षणभर थांबली. मला वाटतं तिला ते 'घाई नको' आठवलं असावं. मग तिनं काचेकडे पाहिलं आणि फोन लावला. हात कळफलकावर मोकळे राहावेत म्हणून स्पीकर सुरू केला.

"हं, बोल सूनबाई. जेवलीस का?"

"बाबा, माझ्याकडून फाईल पुसली गेली. कोठाराचा गुपित शब्द सांगा. लगेच."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण नाही. काका घसा खाकरून म्हणाले, "ऐकलंत का."

"हो, ऐकतेय. बोला."

"अगं, ऐकलंत का."

"ऐकू येतंय बाबा, स्वच्छ येतंय. तुम्हाला माझं येतंय ना?"

"मला येतंय. ऐकलंत का!"

"बाबा, वेळ नाहीये हो! शब्द सांगा ना!"

"मग मी काय रामायण सांगतोय? ऐकलंत का!"

सिस्टरनं फोन ओढून घेतला. "काका, मी बोलतेय. इथे पैलवान उपाशी आहे. आधी शब्द सांगा, मग विचारा कोण ऐकतंय नि कोण नाही!"

"सिस्टर, मघापासून तेच तर सांगतोय. ऐकलंत का!"

"अहो, ऐकलं! सगळ्या वॉर्डानं ऐकलं!"

दारातून आत्या ओरडली, "अगं बायांनो, तोच शब्द असेल! आमची आई आमच्या बाबांना अशीच हाक मारायची जन्मभर. नाव कुठे घेतेय! 'ऐकलंत का!'"

फोनमधून काकांचा सुटकेचा श्वास ऐकू आला. "कोण बाई आहेत त्या? शहाण्या आहेत."

सूनबाईला कळायचं कारणच नव्हतं. तिची सासू ती घरात यायच्या आधीच गेली होती. घरात ती हाक तिनं कधी ऐकलीच नव्हती. भिंतीवरचा फोटो काही हाक मारत नाही.

"आईंची हाक?" ती म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला कळू नये असा शब्द हवा होता. मी म्हटलं, ही हाक तर फक्त माझीच."

पण आपली हाक इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हणजे किती अक्षरांची ओढाताण! सूनबाईनं आपल्या मनानं लिहिली. चूक. मधलं अनुस्वाराचं अक्षर काढून लिहिली. चूक. लाल अक्षरं जणू दात काढून हसत होती. तिसऱ्यांदा तिनं बोट उचललं तशी सिस्टरनं तिचं मनगट धरलं.

"थांब. आता एकच उरलीय."

काचेपलीकडे पैलवान रडतही नव्हता. रडायला ताकद लागते. आत्यानं पदराची गुंडाळी करून तोंडात धरली होती.

"बाबा," सूनबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच सावकाश बोलली. "तुम्ही लिहिलंत कसं ते नको. आई म्हणायच्या कशा, ते सांगा."

"म्हणजे कशी?"

"त्या दारातून हाक मारायच्या ना? तशी मारून दाखवा."

"सगळ्यांसमोर?"

सिस्टर म्हणाली, "काका, लाजा नंतर."

मी जीव मुठीत धरला. मला मूठ नाही, तरी धरला. मग फोनमधून काकांचा आवाज आला, पण काकांचा नव्हे. बारीक, वरच्या पट्टीतला, शेवटाला हेलकावा घेणारा.

"आयकलंत काऽऽ!"

"ऐक नाही, आय!" सूनबाई ओरडली. "ए-आय नव्हे, ए-ए-वाय!"

"हो हो, ती आयकलंतच म्हणायची! मी तिची किती चेष्टा करायचो!" काका आता भरभर बोलायला लागले. "आणि 'का' लांबवायची. पहिल्या हाकेला मी कधी उठायचोच नाही ना. पेपर वाचत बसायचो. म्हणून लांबवायची."

"किती लांब? ए दोन की तीन?"

"दोन... नाही गं, थांब. मला हाताला विचारू दे."

फोनमधून टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज आला. टक टक टक. थांबले. पुन्हा पहिल्यापासून. मी आत ओरडत होते, तीन गं बाई, तीन! शेवटी तीन गोल आहेत!

"तीन," काका म्हणाले. "आणि अनुस्वार नाही घातला. मध्ये जागा नाही सोडली. सगळं एका दमात. ती एका दमातच म्हणायची."

सूनबाईनं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिलं. सिस्टर शेजारी उभी राहून ओठ हलवत होती. शेवटचं अक्षर लिहून तिनं एकदा सगळं वाचलं, तसंच गुणगुणून, हेल काढून. आणि दाबलं.

दार उघडलं.

सिस्टर बाटल्या घ्यायला पळाली. सूनबाईनं माझ्यात पुन्हा ओळी लिहिल्या, यावेळी दोन बाण काढून, आणि हुकूम सोडायच्या आधी बोटानं पडद्यावर टेकवून बघितलं, दोनच आहेत ना. प्रोग्राम आला. मी सगळं सांगितलं. पहिल्या बाटलीवर हिरवी खूण उमटली तेव्हा सिस्टर म्हणाली, "ही चालेल." तेवढंच. चमचाभर दूध नळीतून उतरलं. पैलवानानं एक हात हलवला, एवढासा, नखंसुद्धा दिसेनात असा. आत्या काचेला नाक लावून म्हणाली, "बघा, आता शिव्या देतोय."

झालं, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. त्या दुपारी तो शब्द साऱ्या वॉर्डानं ऐकला होता. दुसऱ्या दिवसापासून मावश्या एकमेकींना तशाच हाका मारायला लागल्या. औषधवाला गाडी ढकलत यायचा, त्यालाही, "आयकलंत काऽऽ!" सिस्टर डॉक्टरांनाही एकदा चुकून म्हणाली आणि जीभ चावली. गुपित शब्द असा सगळ्यांच्या तोंडी झाल्यावर तो कुलपाला कसा चालणार? विमानातले साहेब उतरले आणि त्यांचा हुकूम आला, शब्द बदला.

सूनबाईनं बदलला. सावकाश. मला कळत होतं. तिनं ती ओळ पुसण्याआधी तिच्यावर दांडा कितीतरी वेळ लुकलुकत ठेवला होता. मग एकेक अक्षर मागून पुढे खोडलं. 'का'चा लांबलेला हेल आधी गेला. नवा शब्द यंत्रानंच काढून दिला. मला वाचता येत नाही, पण तो कुणाच्याही तोंडात बसणार नाही एवढं कळतं. आकडे, काटे, आकड्या. वाटेवरची खडी अंथरुणात यावी तसा टोचतो.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"गेला का गं तो शब्द?"

"गेला, बाबा. आजच बदलला."

काका म्हणाले, "बरं झालं. गेल्यावरसुद्धा बिचारीला मी दिवसभर हाका मारायला लावत होतो. किती राबवावं माणसानं बायकोला!"

सूनबाई हसली. हसता हसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "बाबा, आई आणखी काय काय म्हणायच्या हो?"

त्या दिवसापासून दुपारचं पाजणं उरकलं की तिचा फोन लागतो. स्पीकरच असतो. सासू दूध उतू गेलं की काय म्हणायची, पाहुणा उठायचं नाव घेईना तर काय म्हणायची, रुसली की कशी गप्प बसायची. सिस्टर औषधांची गाडी थांबवून ऐकते. पैलवान आता काचेबाहेर आलाय, आत्याच्या मांडीवर असतो. तीही मध्ये आपल्या आईचं एखादं सांगते. मी आत पडल्या पडल्या ऐकते, कूस बदलते. तो खडीचा शब्द रोज शंभरदा सांगते, दार उघडतं, दूध जातं. माझ्यावाचून काम अडतं हे आता सगळ्यांना कळलंय, पण माझ्यामुळे ते अडता कामा नये.

तुमच्याही कुठल्याशा यंत्रात माझ्यासारखी एखादी असेल. अंगावर काय घेऊन बसलीय, तिला विचारू नका, तिला सांगता येणार नाही. ज्यानं लिहिलं त्याला विचारा. अडल्यावर नको, असंच, जेवलात का म्हणून फोन केलात की.

सूनबाईनं परवा कुणालातरी म्हटलं, हे सगळं आईंचं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पडद्याकडे. मी अंग चोरलं. माझ्यात नको गं बाई, म्हटलं. मी पुसली जाते.